कमरेइतका खड्डा

खड्डा पुरुषभर खोल झाला तरी कोयता काही हाती लागेना. मच्छिंद्रचा जीव टांगणीला लागला होता. धाकट्या भावाचा, अमृतचा, खून होऊन दोन वर्षं झाली आणि पळून गेलेला चुलतभाऊ गोरक्ष आता कुठे सापडला. त्याने कबुली दिली खरी, पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. कोयता मिळाला तरच खटला उभा राहणार होता.

"खरं सांग, किती खोल पुरलास?" फौजदार पंकजाबाईंनी विचारलं.

"कमरंइतकं, मॅडम. ह्याच करंजाखाली," बेड्या घातलेला गोरक्ष म्हणाला.

"कमरंइतकं म्हनं! मग आमी काय डोळं झाकून खनतोय व्हय?" मच्छिंद्र खेकसला.

पंच म्हणून आलेले बाबाजानचाचा खाकरले. "पुराचा गाळ बसला आसंल वर. आजून हातभर खना."

हातभर खणलं. पाणी लागलं, कोयता नाहीच.

प्रवरेचा काठ तिथे किती खाली गेलाय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तोंडातून ब्र काढील तर शपथ! गेल्या उन्हाळ्यात इथली वाळू चोरून उपसली होती. बाबाजानचाचांच्याच ट्रॅक्टरने ती वाहिली आणि मच्छिंद्रच्या नव्या घराला लागली. फौजदारापुढे वाळूचं नाव काढायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. भावासाठी तळमळणारा मच्छिंद्रही त्यामुळे मूग गिळून बसला होता.

इतका वेळ खड्ड्यात बघणाऱ्या गोरक्षने मान वर केली. करंजाची मुळं उघडी पडून सगळ्यांच्या डोक्यावर लोंबत होती. तो बावचळला.

"मॅडम, हितली जमीन कुटं गेली?" बेडीतले हात उचलून त्याने मुळांखालच्या मोकळ्या हवेत बोट दाखवलं. "मी तितं पुरला हुता."

मच्छिंद्रला आठवलं. घरासाठी वाळू चाळताना त्याला एक कोयता सापडला होता. गंजलेला, मूठ कुजलेली. फुकटचा माल म्हणून तो केवढा हरखला होता!

"कोयत्याला काही खूण?" पंकजाबाई विचारत होत्या.

"मुठीजवळ तीन टिंबं. लोहारानं ठोकल्याली."

सकाळी पोलिसांना वाट करून द्यायला मच्छिंद्रनेच त्या सापडलेल्या कोयत्याने काठावरच्या वेड्या बाभळी तोडल्या होत्या. तो कोयता तिथेच पडला होता. त्याने जाऊन तो उचलला. मुठीजवळचा चिखल अंगठ्याने पुसला. एक टिंब दिसलं, मग दुसरं, मग तिसरं.

"मॅडम, खनायचं थांबवा." त्याने कोयता पुढे धरला. "ह्यो बगा. माज्याच घरात हुता. घासला, नवी मूठ बसवली, धार लावली. रगत-बिगत काय ऱ्हायलं नसंल आता."

पंकजाबाईंनी कोयता हातात घेऊन टिंबं मोजली. बाबाजानचाचांनी मान खाली घातली.

"खंडेनवमीला," मच्छिंद्र म्हणाला, "हळदकुकू लावून पाया पडलो वो मी ह्याच्या."