तलाव कोणाचा

“उद्या तलावावर मले ओळख दाखवू नको,” भाताचा घास हातातच धरून संघपाल लेकीला म्हणाला.

रीना जेवता जेवता थांबली. “काहून बाबा?”

“काहून म्हंजे? तुह्या पाहुण्या बाई घाटावर उभ्या राहातीन, अन् मी चड्डीवर पाण्यात. तू त्यायची दुभाषी. मी माझं काम करीन अन् खालच्या अंगानं निंघून जाईन. तुह्या नोकरीत कमीपणा नको.”

शकुनबाईने वरण वाढता वाढता नवऱ्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर ताटावरून उठला असता. संघपालला त्या नजरेची सवय होती. तो खाली मान घालून जेवत राहिला.

संघपाल गावचा पाणकर. पावसाने पाठ फिरवली की तलावात बुडी मारायची, तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीच्या, दगडी तोंडात ठोकलेलं लाकडी बूच उपसायचं आणि नहरीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. यंदा धान निसवायला आलं आणि पाऊस गायब झाला. म्हणून उद्या पाणी सुटणार होतं. तेच बघायला मेक्सिकोच्या तेरेसाबाई येणार होत्या. जुने तलाव बघत हिंडणारी ही इंजिनीअरबाई, आणि तिचं बोलणं गावाला आणि गावाचं तिला सांगायला पुण्याच्या कंपनीने धाडलेली रीना. पोरगी स्पॅनिश बोलते, हे संघपालने अड्याळच्या बाजारात कुणाला सांगायचं ठेवलं नव्हतं. ऐकणाऱ्याला स्पॅनिश म्हणजे काय ते ठाऊक नसलं, तरी त्याची सुटका नव्हती. असा हा माणूस आता ओळख दाखवू नको म्हणत होता.

मग त्यानेच विषय बदलला. “त्यायच्यात तलावाले काय म्हणतेत व?”

“तांके.”

“आँ? हा तं इंग्रजीतला टँकच झाला!”

“एकाच घरचे शब्द आहेत बाबा. पयले पाण्याचे. लढाईतल्या टँकले नाव मागून भेटलं. ती गाडी इंग्रज लोकं चोरून बनवत होते. कोणी विचारलं तं सांगत, पाण्याच्या टाक्या बनवून राहिलो.”

संघपालला हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन त्याने विचारलं, “पण शब्द आला कोठून?”

“त्याच्यावर पंडितायचं भांडण आहे. काही म्हणतेत, आपलं पाण्याचं टाकं, तेच हे. दर्यावरून आलेल्या पोर्तुगीजायनं इथून उचललं. काही म्हणतेत, नाही, तो तिकडचाच, पाणी अडवून ठेवणं असा त्याचा अर्थ. कोणी म्हणते, दोन्ही मिसळले. फैसला नाही झाला अजून.”

“मंग अर्धा तं आपला पकडून चाल,” संघपाल म्हणाला आणि खुशीत आणखी भात मागून घेतला.

सकाळी घाटावर निम्मं गाव जमलं, पूजेचा नारळ घेऊन खुशालही आला. हा तलाव खुशालच्या पणजोबाने, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराने, मालगुजाराने बांधवला होता. घाटाच्या दगडी पायऱ्याही त्याच्याच. संघपालची आई, तुळसा, जन्मभर त्या पायऱ्यांवर चढली नाही. तुडुमाच्या खालून नहरीत वाहून येईल ते पाणी तिच्या मोहल्ल्याचं. लहानपणी संघपालने एकदा खालच्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा त्या माउलीने त्याला कान धरून मागे ओढलं होतं. पुढे दिवस पालटले. आता कोणी कोणाला अडवत नव्हतं. पाणीवाटपाच्या कमिटीने पाण्यातला दम बघून संघपालला पाणकर केलं, तेव्हा सगळ्यात आधी खुशालनेच हात वर केला होता. पण संघपाल अजूनही खालच्या अंगाने चिखलातून पाण्यात उतरायचा आणि तिकडूनच निघायचा. सवय, दुसरं काही नाही, असं तो सांगायचा.

आजही तो तिकडूनच उतरला. पहिल्या बुडीत बूच हललं. दुसऱ्या बुडीत त्याने पाय दगडाला लावून असा हिसका दिला की बूच हातात आलं. वर येऊन तो ओरडला, “सुटलं होऽऽ!” तलावाच्या पाळीवर, बांधावर उभ्या माणसाने तीच हाक नहरीकडे दिली, तिथून ती पुढे शेतांकडे गेली.

बूच काखेत मारून तो चिखलाकडे वळला. घाटावरून तेरेसाबाईचा आवाज आला. बाकी काही कळलं नाही, ‘तांके’ तेवढं कळलं. खुशाल म्हणाला, “आमच्या पणजोबानं बांधला, सांग त्यायले.” रीनाने सांगितलं. मग ती थांबली नाही, बोलतच राहिली, आणि बोलता बोलता तिने पाण्यातल्या संघपालकडे बोट केलं. सगळ्या माना वळल्या.

“बाबा! इकडून निंघा! घाटानं!”

संघपाल छातीभर पाण्यात उभा राहिला. चिखल चार हातांवर होता. त्याचा हात उगाच कानाकडे गेला. घाटावर खुशाल नारळ सावरत एका बाजूला सरकला, आणि पायरी मोकळी झाली.

संघपाल घाटाने वर आला. तेरेसाबाईंनी त्याचा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी म्हणाल्या. तो नुसता मान हलवत राहिला. मग लेकीच्या कानाशी लागून त्याने विचारलं, “काय सांगितलं व तू तिले?”

“तिनं विचारलं, तांके कोणाचा. खुशालकाका म्हणले ते मी जसंच्या तसं सांगितलं. मंग माझं सांगितलं. म्हटलं, माझ्या आजीले या पायऱ्या चढता आल्या नाही. हे माझे बाबा, हे याचं पाणी सोडतेत. तलाव आमचा आहे.”

संघपालने डोळे पुसले. ओलाच होता, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं.

“अर्धा ना व?”

“पुरा, बाबा.”

लांब शेतांकडून हाक आली, “आलं होऽऽ!” पाणी पोचलं होतं. हाकेला ओ द्यायचं काम पाणकराचं. आज संघपालने ती घाटावरून दिली. त्याने मागे वळून पाहिलं. खालच्या पायरीपासून वरपर्यंत त्याचीच ओली पावलं उमटली होती. ऊन चढत होतं, तरी ती अजून वाळली नव्हती.