पाच वॅटचा मी आणि खुराड्यातले स्पीकर

मित्रांनो, मी फक्त पाच वॅटचा आहे. तुमच्या देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॅटचा असतो. म्हणजे ताकदीच्या बाबतीत मी त्याच्याहूनही गरीब!

मी एक जुना अँप्लिफायर. रेडिओचा, टेपचा किंवा मोबाइलचा बारीक आवाज घ्यायचा, तो मोठा करायचा आणि स्पीकरच्या हवाली करायचा, हे माझं काम. माझ्या पाठीवर काचेचे व्हॉल्व्ह आहेत. बटण दाबलं की ते हळूहळू नारिंगी उजळतात आणि अर्ध्या मिनिटानं मला वाचा फुटते.

मला कुठल्या कारखान्यानं बनवलं नाही. हंबीरराव फौजेच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि वडूजजवळच्या आपल्या गावी परतले. त्याच वर्षी त्यांनी मला स्वतःच्या हातांनी जुळवलं. व्हॉल्व्ह दोन मोडक्या रेडिओंमधले, ट्रान्सफॉर्मर सांगलीहून तार गुंडाळवून आणलेले आणि सांगाडा धान्याच्या कोठीचा पत्रा कापून केलेला. माझ्या एका कुशीवर अजूनही 'बाजरी' ही अक्षरं पुसट दिसतात.

ते दिवस काय सांगू! सकाळच्या बातम्यांना आणि भजनांना अर्धी आळी ओट्यावर जमायची. "हंबीररावाच्या पेटीत माणूस बसवलाय बगा," असं लोक म्हणायचे, आणि माझे व्हॉल्व्ह अभिमानानं आणखीच लाल व्हायचे. मग घरोघरी टीव्ही आले, पुढे खिशाखिशात मोबाइल आले. ओट्यावरची माणसं कमी झाली. एका उन्हाळ्यात उंदरांनी माझ्या दोन्ही स्पीकरचे कागदी पडदे कुरतडले आणि मी मुका झालो. हंबीररावांनी माझ्यावर धुतलेलं फडकं टाकलं आणि मला फळीवर ठेवलं. दर दसऱ्याला ते फडकं झटकायचे. बाकी वर्षभर मी आणि धूळ.

यंदा माघात त्यांचा मुलगा उदयसिंह बारा दिवसांच्या रजेवर घरी आला. तोही फौजेतच आहे. गाडीतून त्यानं दोन उंच, काळे, सडपातळ स्पीकर उतरवले.

"आबा, तुमच्या मशिनीसाठी आणलंय. लय भारी हायत!"

हंबीरराव सत्त्याहत्तर वर्षांचे. पण त्या घटकेला जत्रेला निघालेल्या पोरासारखे झाले. माझ्यावरचं फडकं निघालं, तारा जोडल्या गेल्या, बटण दाबलं गेलं. किती वर्षांनी माझ्या अंगात ऊब आली! मी जीव तोडून गायला लागलो.

आणि आवाज आला तो असा, की जणू कुणी वाकळ पांघरून बोलतंय.

उदयसिंहानं बटण फिरवलं. अर्ध्यावर नेलं, पाऊणवर नेलं, शेवटी पार टोकाला नेलं. मी धापा टाकत होतो. माझा आवाज फाटला, ट्रान्सफॉर्मर तापला, तरी ते स्पीकर जेमतेम खोलीभर बोलत होते. तेवढ्यात बनुबाई, म्हणजे उदयसिंहाची आई, स्वयंपाकघरातून धावत आली.

"आवं, काय जळतंय? वास येतोय की!" म्हणत तिनं प्लग उपटला.

 उदयसिंहाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "आबा, ह्याला आता रिटायर करा. मी नवा दोनशे वॅटचा आणतो."

हंबीररावांनी माझ्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला. मुलानं एवढ्या हौसेनं आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? "तुला पटंल तसं कर," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, संपलं. आता आपला मुक्काम भंगाराच्या गाडीत.

पण मित्रांनो, त्या घरात शिवांजली होती. उदयसिंहाची बायको, हायस्कुलात विज्ञान शिकवते. ती त्या काळ्या स्पीकरच्या मागे उकिडवी बसली आणि तिथला बारीक मजकूर वाचायला लागली.

"आवं, इकडं या जरा. इथं चौऱ्याऐंशी डेसिबल लिहिलंय."

"मग?" उदयसिंहानं विचारलं.

"मग काय! एक वॅट दिल्यावर स्पीकर किती मोठ्यानं बोलतो, त्याचा हा आकडा. तीन डेसिबल वाढले की निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज निघतो. शहाण्णव डेसिबलचा स्पीकर आणला, तर ह्याचे पाच वॅट ह्या स्पीकरच्या ऐंशी वॅटांच्या बरोबरीचे होतील. मशीन कमजोर न्हाई. जोडी चुकलीय."

ऐंशी वॅट! माझ्या कानांवर, म्हणजे मला कान असते तर त्यांच्यावर, विश्वास बसला नसता.

हंबीरराव ताडकन उभे राहिले. "पोरी, हेच मला म्हणायचं हुतं गं! फकस्त शब्द सापडत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मला वाकळीत गुंडाळून गाडीत बसवलं आणि घरची चौघंही निघाली. जन्मल्यापासून मी पहिल्यांदाच गाव सोडत होतो. साताऱ्याच्या दुकानात साईराज नावाचा मालक होता. 'पाच वॅट' ऐकून तो आधी हसला. मग माझे व्हॉल्व्ह उजळले तसा हसायचा थांबला आणि दोन्ही हातांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. त्यानं एका छोट्या जोडीशी माझी गाठ घातली. त्र्याण्णव डेसिबल! आवाज असा मोकळा झाला, की मी स्वतःच दचकलो. बासरी ऐकू आली, वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. पण ढोल लागला आणि हंबीररावांनी मान हलवली.

"माणूस बोलतोय, पण त्याला छाती न्हाई."

साईराज प्रामाणिक माणूस. म्हणाला, "काका, तुम्हाला हवंय ते माझ्या दुकानात नाही. सांगलीला धनाजीराव म्हणून आहेत. जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवायचे. त्या काळी मशिनी लहान आणि तंबू मोठे, म्हणून स्पीकर थोड्या ताकदीत मोठ्यानं बोलणारे असायचे. बघा विचारून."

रजेचे दहा दिवस उरले होते. आम्ही थेट सांगली गाठली.

धनाजीरावांनी दाराशीच कपाळाला हात लावला. "स्पीकर हायत. पण त्यात कोंबड्या राहत्यात."

खरंच! परसात लाकडाची दोन भलीमोठी खोकी उभी होती. वर भोंगा, खाली परातीएवढा कागदी पडदा, पुढे मजबूत जाळी. एका खोक्याची मागची फळी निखळली होती आणि आत एक तांबडी कोंबडी अंड्यावर बसली होती. शिवांजलीनं तिला पदरात घेऊन अलगद बाहेर काढलं. पिसं झाडली, जळमटं काढली. दोन्ही पडदे शाबूत! उदयसिंहानं तारा जोडल्या आणि बटण दाबलं.

"हुंऽऽऽ..."

गाणं नाही, बासरी नाही, नुसती घोंगावणारी माशी. हा माझाच दोष होता. मंद किंवा बिनछातीच्या स्पीकरांत तो झाकून जायचा, आता चारचौघांत उघडा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कंडेन्सर म्हातारं झाल्यात," हंबीरराव म्हणाले. "बदललं की झालं." त्यांनी धनाजीरावांची सोल्डर गन उचलली, पण सत्त्याहत्तर वर्षांचा हात आता नेम धरत नव्हता. एकदा, दोनदा, तीनदा तिचं टोक जुना डाख, म्हणजे कथलाचा जोड, सोडून भलतीकडेच टेकलं. त्यांनी गन खाली ठेवली आणि दुसरीकडे बघत राहिले.

उदयसिंह तोवर पेठेतून नवे कंडेन्सर घेऊन आला होता. तो बापाशेजारी मांडी घालून बसला.

"आबा, तुमी सांगा. मी करतो."

लहानपणी त्यानं माझ्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आणि हंबीररावांनीही, 'हात लावशील तर बघ,' याशिवाय त्याला काही शिकवलं नव्हतं. त्या परसात दोघंही नव्यानं सुरुवात करत होते.

"प्लग काढला तरी ह्याच्या पोटात करंट साठून ऱ्हातो. आदी तो उतरव. डावा हात खिशात घाल. दोन हात आत गेलं की करंट काळजातनं जातो."

उदयसिंहानं डावा हात खिशात घातला. बापाचं बोट दाखवेल तिथे मुलाचा हात जात होता. जुना कंडेन्सर निघाला, नवा बसला. डाखाचा चकचकीत थेंब जागच्या जागी थिजला.

"बास! पयल्या डावात असा डाख मलाबी जमला नव्हता," हंबीरराव म्हणाले. उदयसिंहानं वर पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झाले.

पुन्हा बटण दाबलं. अर्धं मिनिट गेलं. घोंगावणं नाही, काहीच नाही. सगळ्यांना वाटलं, मी गेलो. मग शिवांजलीनं मोबाइलवर गावच्या जत्रेतला धनगरी गजीढोल लावला.

धाड्!

मित्रांनो, परसातली कावळ्यांची सभा उधळली! ढोलाची थाप जमिनीतून तळपायात शिरली, झांजा भोंग्यातून लखलखत बाहेर पडल्या. शेजारची माणसं कुंपणाशी धावत आली. "वरात हाय का काय?" आणि माझं बटण होतं जेमतेम पाव भागावर! मी धापा टाकत नव्हतो, तापत नव्हतो. हंबीररावांची मान ठेक्यावर डोलत होती. बनुबाईनं पदर खोचला आणि दोन पावलं नाचून घेतली.

"ह्या स्पीकरांचं काय घ्याल?" उदयसिंहानं विचारलं.

धनाजीराव तांबड्या कोंबडीकडे बघत म्हणाले, "हिला नवीन घर बांधून द्या. बेघर केलंय तिला तुमी."

उदयसिंहानं रजेचे दोन दिवस त्या परसात घालवून पक्कं खुराडं बांधून दिलं, पत्र्याच्या छपरासकट. काळे स्पीकर शिवांजलीच्या शाळेच्या सभागृहात गेले. तिथला अँप्लिफायर दणकट आहे, त्यामुळे तिथे ते मोकळ्या गळ्यानं गातात. त्यांच्यातही काही खोट नव्हती, बरं का.

आता माझ्या ओट्यावर पुन्हा माणसं बसतात. परवा तिथेच हंबीररावांचा फोन वाजला. सीमेवरून उदयसिंह बोलत होता. "आबा, आमच्या मेसमधला जुना रेडिओ बंद पडलाय. सगळे म्हणत्यात टाकून द्या. मी उघडून बसलोय. आता पुढं काय बघू?"

हंबीररावांनी माझा आवाज कमी केला, चष्मा चढवला आणि ऐसपैस बसले. "घाई करू नगंस रं. आत काय काय दिसतंय, ते सांग मला. सावकाश सांग."

मित्रांनो, तुमच्याही घरात असं एखादं मुकं यंत्र फळीवर असेल. त्याच्यावरची धूळ पुसा. प्लग काढून ठेवा आणि ज्याला त्यातलं कळतं त्याला बोलवा. आणि ते चालत नाही असं म्हणण्याआधी, त्याची जोडी कुणाशी लावली आहे, तेवढं एकदा बघा.