विकास ओव्हाळचा नंबर

"मॅडम, तुमचं नेटवर्क आत्ताच्या आत्ता बंद करा," फोनवरची मुलगी म्हणाली.

यशोधराचे दोन्ही हात कणकेत होते. फोन डब्यांच्या कामात हाताशी असलेल्या मंगलने तिच्या कानाशी धरला होता. दारात आंबीतल्या कारखान्यांचे डबे न्यायला टेम्पो येऊन थांबला होता आणि निम्म्या चपात्या अजून लाटायच्या होत्या.

"कुणाचं नेटवर्क?"

"तुमचंच. ओव्हाळ नेट, आंबी, तालुका मावळ. तुम्ही यशोधरा ओव्हाळ ना?"

"व्हय, मीच. पर बाई, माझ्याकडं आता शेगड्या हायेत, तवा हाय, पोळपाट हाय. त्यातलं काय बंद करू ते सांगा."

मंगल खुदकन हसली. "ताई, ठिवा फोन. आता ओटीपी मागंल बगा."

"ओटीपी नकोय मला." मुलीला ऐकू गेलं होतं. "मी चैताली. मुंबईत जिथं सगळ्या इंटरनेट कंपन्यांच्या तारा एकमेकींना जोडल्या जातात, तिथं काम करते. मला एवढंच सांगा, हा नंबर तुम्ही पुन्हा चालू केलात का?" आणि तिने सहा आकडी नंबर वाचून दाखवला.

यशोधराचे हात थांबले. हा नंबर फोनचा नव्हता, गाडीचा नव्हता. ओव्हाळ नेटच्या एकाही गिऱ्हाइकाला तो माहीत नव्हता. विकास गेल्यापासून तिने तो कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"मंगल, कणीक बघ तू," ती म्हणाली आणि पिठाच्या हातानेच फोन घेऊन मागच्या दारी गेली.

विकास ओव्हाळ, म्हणजे तिचा नवरा, तळेगावात केबल टीव्हीची कनेक्शनं जोडता जोडता इंटरनेट शिकला. कॉलेजात नाही, शिडीवर. तुंगार्लीच्या बंगल्यांना तेव्हा फुल रेंज होती. त्याच बंगल्यांत भांडी घासणाऱ्या बायांच्या वाड्यांवरून साधा फोन लावायचा तरी टेकडी चढावी लागायची. मोठ्या कंपन्यांना विचारलं की म्हणायच्या, तिकडं परवडत नाही. म्हणजे तुम्ही परवडत नाही, एवढं सोपं होतं ते. विकासने तुंगार्लीच्या एका बंगल्याच्या गच्चीवर डिश लावली, मालकाला नेट फुकट दिलं आणि तिथून डोंगरातल्या ठाकरवाड्यांवर नेट पोचवलं. इकडे तळेगावच्या बाजूने आंबी आणि परंदवडी धरली.

वायर ओढली ती मात्र यशोधराने. विकासचं वजन पत्र्यांना पेलायचं नाही. एका घरी तो पत्र्यासकट चुलीपाशी उतरला होता. तेव्हापासून शिडी तो धरायचा, वर ती चढायची. काही घरांत आधी आडनाव विचारायचे. ओव्हाळ म्हटलं की म्हणायचे, वायर घाला, पण पत्र्यावर चढू नका. त्यांना नेट हवं होतं, पाय नको होते. यशोधरा शिडीवरूनच सांगायची, "मग मी खालून फेकते नेट, तुमी वर झेला." मग चढू द्यायचे. पोरांना मॅच बघायची असायची.

या नंबरापायी विकासने एक अख्खं वर्ष कागद जमवले होते. एकाच मोठ्या कंपनीकडून नेट घेतलं, तर ती बंद पडली की सगळी गावं बंद. दोन बाजूंनी घ्यायचं, एक रस्ता तुटला तर दुसऱ्याने जायचं, तर स्वतःचा नंबर लागतो. इंटरनेट म्हणजे हजारो लहानमोठी जाळी एकमेकांना जोडलेली. प्रत्येकाचा असा एक नंबर. त्या नंबराने जगाला हाक मारायची, की हे हे इंटरनेटवरचे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचा माल माझ्या दारातून पाठवा. आणि बाकीची जाळी, खरं सांगायचं तर, बहुतेक वेळा विश्वास ठेवतात. नंबर मिळाला त्या दिवशी विकासने आपल्या बापाला, सीताराम आबांना, स्क्रीनवर दाखवलं होतं. देशातल्या बड्याबड्या कंपन्यांच्या यादीत, त्याच अक्षरात, तेवढ्याच आकाराचं ओव्हाळ नेट. आबा जन्मभर रेल्वेत गँगमन, घाटातले रूळ राखणारे. त्यांनी विचारलं होतं, "ह्ये आता कुनाला खोडता येनार न्हाई ना?"

लॉकडाऊनमध्ये विकासने वाड्यांवरचं नेट उघडं सोडलं होतं, पासवर्डशिवाय. मंगलची पोरगी चिंगी त्याच नेटवर दहावी झाली. दुसऱ्या लाटेत विकास गेला. वर्षाच्या आत मोठ्या कंपनीच्या वायरी विजेच्या खांबांवरून गावात आल्या. आता परवडायला लागलं होतं, कारण वापरायची सवय कुणीतरी लावून ठेवली होती. गिऱ्हाइकं गेली. ज्यांच्यासाठी तिने भर उन्हात तापलेले पत्रे तुडवले, त्यांतला एकही सांगायला आला नाही. यशोधराने दुकान बंद केलं आणि डबे सुरू केले. पण नंबराची वर्षाची फी तिने कधी चुकवली नाही. वापर शून्य. तरी ती भरायची.

"मी चालू केला न्हाई," ती फोनवर म्हणाली. "आमचं सगळं बंद हाय. मालक वारले."

चैतालीने समजावून सांगितलं. परवापासून कुणीतरी हा नंबर जागा केला होता. त्या नंबराने हाक मारली होती, की अमुक हॉस्पिटलचे पत्ते आमच्याकडे आहेत. हॉस्पिटल होतं दुसऱ्या राज्यात. रिपोर्ट बघायला, अपॉइंटमेंट घ्यायला जे लोक त्या साइटवर गेले त्यांतले बरेच वाट चुकून चोरांच्या दारात गेले. तिथे हुबेहूब तसंच पान मांडून ठेवलं होतं. लोकांनी नावं टाकली, आजार टाकले, पासवर्ड टाकले.

"पर त्येंना आमचा नंबर घावला कसा?"

"ताई, कंपनीचं जे वेबसाइटचं नाव होतं ना, ते तुम्ही सोडून दिलंत?"

"दुकान बंद झाल्यावर त्याचं काय काम? न्हाई भरलं त्याचं पैसं."

"तेच नाव कुणीतरी विकत घेतलं. नंबराचा ईमेल त्याच नावावर होता. म्हणजे तुमचा सगळा पत्रव्यवहार आपोआप त्यांच्याकडे जायला लागला. त्यांनी बाहेरच्या देशातल्या एका कंपनीला मेल केली, आम्ही ओव्हाळ नेट, आम्हाला जोडून घ्या. ईमेल खरा, नंबर खरा, फी भरलेली. त्यांनी जोडलं."

यशोधरा हातावरचं सुकलेलं पीठ खरवडत राहिली. नंबर तिने जिवापाड जपला, आणि टपाल ज्या घरी यायचं ते घर उघडं टाकलं.

"म्हंजी मेलेल्या माणसाचं रेशनकार्डावर नाव ठिवलं आणि धान्य तिसराच उचलतोय."

"अगदी तसंच. चालू नंबरावर मालकाचं लक्ष असतं, लगेच कळतं. झोपलेल्या नंबराकडे कुणी बघत नाही. म्हणून ते असलेच शोधत असतात."

"तुमाला कसं कळलं आमी चोर न्हाई?"

"तुम्ही फोन उचललात, ताई. चोर उचलत नाहीत."

यशोधराने चैतालीला हवं ते दिलं. हे आमचं काम नाही असं कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड धरून सांगितलं, विकासच्या मृत्यूचा दाखला पाठवला. कारखान्यांची जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाहेरच्या कंपनीने चोरांचं कनेक्शन तोडलं. पण चैतालीने एक गोष्ट स्पष्टच सांगितली. ते पुन्हा दुसरीकडून प्रयत्न करणार. नंबर ठेवायचा तर ठेवा, तुमचा हक्क आहे, पण मग ईमेल नवा, राखण रोजची. नाहीतर ज्या संस्थेने दिला तिला परत करा.

"परत केला तर?"

"तर तो कुणाचाच राहणार नाही. त्या नावाने कुणी जोडून मागितलं तर दारातच अडकेल."

त्या संध्याकाळी आबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण डब्यांचा लसूण त्यांच्याच हातचा. यशोधराने सगळं सांगितलं. आबांनी सोलणं थांबवलं नाही.

"द्यायचा न्हाई," ते म्हणाले.

"आबा, ऐका तर."

"ऐकलं. मला येक सांग. गावात चोरी झाली का पयली काठी कुनाच्या दारात आपटायची? आमच्या. माझा बाप दोनदा चौकीत बसून आला. दोन्ही बारीला चोर भलताच निगाला. माफी कुनी मागितली? आता आपुन नंबर दिला तर लोक काय म्हनतील? चोरी केली, घावलं, म्हनून टाकून दिला."

ते खोटं नव्हतं. आम्ही चोर नाही हे कसं कळलं, असं यशोधराने स्वतःच फोनवर विचारलं होतं.

"आनि त्यो माझ्या पोराचा हाय," आबा म्हणाले. "आपल्या मानसाचं नाव कुटं लागत न्हाई. लागलं तर आपल्याच हातानं खोडायचं?"

मंगल भांडी घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आबा, ताई रोज कंप्युटर बगत बसली तर डबं कोन करनार? तुमी?"

"तू गप ए."

"मी गपच हाय. चिंगी हितं असती तर तिला सांगितलं असतं राखान कर. ती बसली नर्सिंगला पुन्याला. हास्पिटलात."

तो शब्द ओट्यावर तसाच राहिला. आबांनी लसणाची पाकळी दोन बोटांत धरून ठेवली.

दोन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. चैतालीचा फोन आला, तिने घाई केली नाही. फक्त सांगितलं, की पहाटे पुन्हा एकदा कुणीतरी नंबर उठवायचा प्रयत्न केला, या वेळी दुसऱ्या देशातून. वेळेत दिसलं म्हणून अडला. यशोधराने दुपारी डबे गेल्यावर आबांच्या शेजारी बसकण मारली.

"आबा, तुमी घाटात हुता तवा, येखादी सायडिंग, बाजूची लाइन, बंद झाली का काय करायचा?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. ही कुठे चाललीय ते त्यांना तेवढ्यात कळलं, पण गँगमनला रुळाबद्दल विचारलं की तो खोटं बोलू शकत नाही.

"रूळ जितं फुटत्यात त्या सांध्याला क्लँप मारायचा. कुलूप घालायचं."

"बास? कुलूप घातलं का झालं?"

"न्हाई." ते नखातली लसणाची साल काढू लागले. "कुलूप किती दिस टिकतंय. भंगारवालं येत्यात, पोरं येत्यात. कुनी सांधा फिरवला तर भरल्या लाइनीवरची गाडी मोकळ्यात शिरंल. बंद सायडिंगचं रूळ उचलायचं. मुकादम लय कडक हुता आमचा. म्हनायचा, जितं गाडी जायाची न्हाई तितं रस्ता ठिवायचा न्हाई."

"तुमी टाकलेलं रूळ तुमीच उचललं?"

"माज्या हातानं टाकलेलं. माज्या हातानं उचललं." आबा थांबले. "जीवावर आलतं. पर गाडीत मानसं असत्यात."

पुढचं यशोधराने बोलायचं नव्हतंच. विकासला हिशेब यायचा नाही, उधारी वसूल व्हायची नाही, पण एक गोष्ट त्याची पक्की होती. वाडीवरचं नेट बंद पडलं की जेवण टाकून उठायचा. तो या घरातूनच ते शिकला होता, दुसरीकडून नव्हे.

"त्या पोरीला फोन लाव," आबा म्हणाले.

चैतालीने फोन उचलल्यावर आबा मोठ्याने बोलले, घाटात लांबवर ओरडायची सवय होती तसे. "मी सीताराम ओव्हाळ. विकासचा बाप. नंबर आमी देतोय. पर येक लिवून घ्या. काढून घेतला न्हाई. आमी दिलाय. कशापायी दिला त्ये बी लिवा."

"लिहिते, आबा. मी त्या दिवशीची सगळी हकीकत सगळ्या नेटवर्कवाल्यांना पाठवणार आहे. त्यात लिहिते. ओव्हाळ कुटुंबाने दुसऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून स्वतःहून परत केला."

"मराटीत लिवा."

"इंग्रजीत लागेल, आबा. बाहेरच्या देशांत पण जाईल ते."

आबांनी विचार केला. "मग विंग्रजीत लिवा. चांगल्या विंग्रजीत."

कागद जायला, तपासणी व्हायला थोडे दिवस गेले. ज्या दुपारी नाव काढणार होते त्या दुपारी चैतालीने कळवलं, कुठल्या पानावर बघायचं तेही. यशोधराने मोबाइल डब्यांच्या मोकळ्या टेबलावर वाटीला टेकवून उभा केला. पानावर नंबर होता, समोर ओव्हाळ नेट, खाली विकास सीताराम ओव्हाळ, खाली आंबी. ती मध्ये मध्ये बोटाने पान खाली ओढायची, ते पुन्हा उघडायचं, नाव तिथंच असायचं. मंगल हात पुसत मागे येऊन उभी राहिली.

आबा खाटेवर बसले होते. यशोधराने आणखी एकदा पान ओढलं. एक पांढरं चाक फिरत राहिलं. मग पान उघडलं, आणि नंबराच्या समोर काहीच नव्हतं.

"झालं?" आबांनी विचारलं.

"झालं, आबा."

आबा भिंतीचा आधार घेत उठले. टेबलापासून दोन पावलं मागे सरकले, हात खाली सोडले आणि त्या रिकाम्या पानाकडे तोंड करून, गाडी आली की रुळाकडेला उभे राहायचे तसे उभे राहिले. पाठ आता वाकली होती, तेवढी त्यांनी ताठ केली.

"आबा, बसा की," मंगल म्हणाली. "किती येळ उबं ऱ्हानार?"

"गाडी पुरी जाऊ दे," आबा म्हणाले.

यशोधराने पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.