स्तोयनाबाईंचा माऊस

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. उंदीर नव्हे हो, संगणकाचा माऊस! शेपटी मात्र मलाही आहे, आणि ती दोन ठिकाणी चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे. माझं डावं बटण झिजून गुळगुळीत झालं आहे. उजवं अजून नवंकोरं दिसतं. असं का झालं, तेच आज सांगतो.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. एका कारखान्यात एकाच दिवशी आम्ही हजारो भावंडं जन्मलो आणि पुन्हा कोणी कोणाला भेटलं नाही. मी रूसे गावात, डॅन्यूब नदीच्या काठी, स्तोयनाबाईंच्या घरी आलो.

स्तोयनाबाई बंदरावर क्रेन चालवायच्या. चांगली तीस वर्षं! नदीच्या वर, काचेच्या खोलीत बसून त्या जहाजातला माल उचलायच्या आणि अलगद रेल्वेच्या डब्यात ठेवायच्या. मग त्यांच्या धक्क्यावरचं काम बंद पडलं आणि बाई घरी बसल्या. दोन वर्षं त्या खिडकीपाशी नुसत्या बसून असायच्या. काही विचारलं तर हं किंवा हूं. त्यांचा नवरा ल्युबेन बोलून बोलून थकला.

खालच्या मजल्यावर गेनादी मास्तर राहायचे. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यांनीच बाईंना पोकर शिकवलं. संगणकावरचा खेळ, आणि तोही अगदी चिल्लर रकमेच्या टेबलांवर. आणि काय सांगू मित्रांनो, बाई बोलायला लागल्या! जेवताना हातवारे करून डाव सांगायच्या, त्यातूनच मग बंदराच्या गोष्टी निघायच्या. "धुकं आलं आणि खालचा खुणा करणारा माणूस दिसेनासा झाला, की दोन्ही हात दांड्यांवरून काढायचे आणि मांडीवर ठेवायचे. माल लटकला हवेत, तर लटकू दे!" ही गोष्ट मी पन्नास वेळा तरी ऐकली असेन. ल्युबेनला पोकरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो खूश होऊन ऐकायचा.

त्याने एकच अट घातली होती. एक ठरावीक रक्कम बाजूला काढली आणि म्हणाला, "ही संपली की खेळ संपला. वर एक नाणंसुद्धा घालायचं नाही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर टाळी दिली.

ती रक्कम वितळत चालली. कारण बाईंना एक वाईट खोड होती. तीस वर्षं उंचावरून सगळं बघण्याची सवय! समोरच्याचे पत्ते झाकलेले आहेत, हे त्यांना सहनच व्हायचं नाही. आपण हरलो हे कळत असायचं, तरी समोरच्याइतकेच पैसे घालून, म्हणजे बरोबरी करून, त्याचे पत्ते उघडायला लावण्यासाठी बोट माझ्या डाव्या बटणावर पडायचं. बघू तरी काय आहे त्याच्याकडे! माझं बटण झिजलं ते असं.

दर रविवारी मास्तर वर येऊन आठवड्याचे डाव तपासायचे, शाळेत वह्या तपासायचे तसे.

"स्तोयना, हे काय? इथे तुला कळलं होतं ना, की तू हरलीस?"

"कळलं होतं हो."

"मग पैसे का घातलेस?"

"बघायचं होतं."

"अगं बाई, पत्तेच बघायचे तर दुकानातून एक जोड विकत आण. स्वस्त पडेल!"

बाई लाजून हसायच्या. पण मास्तरांनी चिकाटीने शिकवलं. या छोट्या टेबलांवर कोणी पत्ते सोडत नाही, तेव्हा हातात काही नसताना मोठी बोली लावून थापा मारू नकोस. चांगले पत्ते आले की मोठी बोली लाव. राग आला की ऊठ. आणि जो माणूस कधीच बोली वाढवत नाही, त्याने अचानक वाढवली तर त्याच्याकडे पत्ते आहेतच, पळ तिथून! हे शेवटचं वाक्य बाईंनी चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं.

बाई सुधारत गेल्या, तसं माझं काम कमी होत गेलं. दहा डावांतले आठ त्या सुरुवातीलाच सोडायच्या. खरं सांगतो, मला वाईट वाटायचं. क्लिक करण्यासाठीच तर माझा जन्म!

पण सुधारणा जरा उशिरा झाली. सप्टेंबरातल्या एका दुपारी उरलीसुरली सगळी रक्कम एकाच टेबलावर आली. ल्युबेन गच्चीत लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होता. बाईंना दोन राण्या आल्या, आणि टेबलावरच्या सामाईक पत्त्यांत तिसरी उघडली. तीन राण्या! बाईंनी बोली लावली. समोर 'झोपाळू बोका' नावाचा कुणी खेळाडू होता. आठवडाभरात त्याने एकदाही बोली वाढवली नव्हती. तो मुकाट्याने बरोबरी करत राहिला. शेवटचा पत्ता उघडला, टेबलावरचं तिसरं किलवर. आता ज्याच्या हातात आणखी दोन किलवर असतील, त्याचे पाच जुळणार आणि तीन राण्या हरणार. बाईंनी पुन्हा बोली लावली, आणि बोक्याने होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकललं.

बरोबरी करायची तर बाईंचंही सगळं जाणार होतं. हरल्या तर खेळ कायमचा बंद, आणि पुन्हा ती खिडकी.

पडद्यावर तीस सेकंदं सुरू झाली. बाईंचा तळवा घामाने निथळत होता. बाण बरोबरीच्या हिरव्या बटणावर जाऊन थांबला. माझं डावं बटण आता इतकं सैल झालं होतं, की नुसता धक्का पुरला असता.

ल्युबेन काळ्या बोटांनी आत आला. "काय झालं गं?"

"गप्प बस!"

त्याने पडद्याकडे पाहिलं. "हे शेवटचं?"

"तीन राण्या आहेत रे माझ्याकडे!"

"मग झालं तर!"

"त्याच्याकडे काय आहे ते दिसत नाही." बाई थांबल्या. मग हळूच पुन्हा म्हणाल्या, "दिसत नाही."

आणि त्यांनी माझ्यावरून हात काढला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मी एकटाच त्या हिरव्या बटणावर राहिलो. बारा सेकंदं. अकरा. ल्युबेन टेबलाला टेकणार, तेवढ्यात बाई ओरडल्या, "हलू नकोस!" पाच. चार. वेळ संपला आणि संगणकाने आपणहून बाईंचे पत्ते टाकून दिले. अर्ध्याहून जास्त रक्कम वाचली.

"काय होतं गं त्याच्याकडे?" ल्युबेनने विचारलं.

"कोण जाणे."

"म्हणजे आता कधीच कळणार नाही?"

"कधीच नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. "मिरच्या करपल्या बघ, जा!"

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. तीच रक्कम अजून पुरते आहे, थोडी वाढलीसुद्धा आहे. जेवताना बाईंची बडबड चालूच असते. माझ्या जागी बिनशेपटीचा नवा माऊस आला आणि मी खणात पडलो, बाटलीच्या ओपनरशेजारी. कोणी पुसत नाही, याचं दुःख होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या माऊसला अधूनमधून पुसत जा. त्याची वायर ओढू नका, रागाच्या भरात त्याला आपटू नका. आणि पुढचं दिसत नसेल, तेव्हा त्याच्यावरून हात काढा. तो रुसणार नाही. त्या बारा सेकंदांत मी काहीच केलं नाही, पण माझ्या हातून झालेलं तेच सगळ्यात चांगलं काम.

खोटं कशाला बोलू? खणात पडल्यापडल्या मलाही अजून वाटतं, बोक्याकडे काय होतं ते एकदा बघायला हवं होतं.