लढाईचा कर्णा वरातीला निघाला

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. अंगानं तांब्याचा, लांबीला दीड पुरुष, आणि सहाशे वर्षं झाली तरी मला हळू बोलायला जमत नाही. तेव्हा जवळ बसलेल्यांनी कान झाकून घ्यावेत, राग मानू नये.

माझा जन्म समरकंदजवळच्या दमास्कस नावाच्या खेड्यात झाला. हसू नका. त्या काळी अमीर तैमूर यांचं राज्य होतं. केश शहराजवळच्या गावात जन्मलेला हा माणूस. तरुणपणी बाण लागून त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. शत्रू पाठीमागं त्यांना लंगडा म्हणत, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. दिल्लीपासून दमास्कसपर्यंत शहरं त्यांच्या घोड्यांच्या टापांखाली गेली. शहर पडलं की अमीर तिथल्या कारागिरांना वेगळं काढत आणि बायकापोरांसह समरकंदला आणत. जगातली मोठी शहरं आपल्या समरकंदापुढं खेडी वाटली पाहिजेत, म्हणून त्यांनी आसपासच्या खेड्यांनाच बगदाद, शिराज, दमास्कस अशी नावं देऊन टाकली होती.

माझे जन्मदाते उस्ताद शिहाब. खऱ्या दमास्कसचे तांबट. आगीतून वाचलेली एकुलती एक मुलगी रुमाना आणि एक हातोडी, एवढंच घेऊन ते इथं आले होते. रोज सकाळी भट्टी पेटवताना त्यांचं एकच पालुपद असे, "म्हणे दमास्कस! जर्दाळू तरी खाण्यासारखे आहेत का इथं?" आणि असं म्हणत म्हणत टोपलीभर जर्दाळू फस्त करत.

एके दिवशी हुकूम आला, फौजेसाठी कर्णे हवेत. उस्तादांनी निमूटपणे पत्रा कापला. पण माझ्या तोंडाचा घेर ठोकताना त्यांना आपल्या शहराच्या तटाबाहेर वाजलेले कर्णे आठवले. हातोडी घसरली आणि मला पोचा पडला. काढायचा म्हटलं असतं तर चार ठोक्यांत निघाला असता. त्यांनी तो तसाच ठेवला. तेव्हापासून माझा आवाज असा निघतो: भोंऽऽऽ, आणि शेवटी एक उचकी. फौजेतले बाकीचे कर्णे मला उचक्या म्हणून चिडवत. फार वाईट वाटायचं मला.

मला फुंकायला मिळाला तुरसुन. या नावाचा अर्थ 'टिकून राहो'. आधीची तीन मुलं गेली म्हणून आई कुतलुगबीबीनं हे नाव ठेवलं होतं. तुरसुन पोचा काढून घ्यायला उस्तादांकडे आला. मग पुन्हा आला. मग आठवड्यातून दोनदा येऊ लागला. माझ्याकडे बघायचा कमी आणि ताकानं तांबं घासत बसलेल्या रुमानाकडेच जास्त. एकदा तिनंच विचारलं, "पोचा खरंच काढायचाय, की रोज नवा पाडून आणता?"

तुरसुननं मागणी घातली तेव्हा उस्तादांचा पारा चढला. "ज्या आवाजापाठोपाठ माझं शहर पेटलं, तो फुंकणाऱ्याच्या घरी मुलगी देऊ? त्यापेक्षा विहिरीत ढकलीन!"

तुरसुन खाली मान घालून म्हणाला, "उस्ताद, फुंकतो मी. पण बनवलात तुम्ही. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं."

उस्तादांनी हातातली हातोडी खाली ठेवली. शेवटी उस्ताद पुटपुटले, "जिवंत परत ये. मग बघू."

त्या हिवाळ्यात अमीर चीन जिंकायला निघाले. वय सत्तरीला टेकलेलं, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण हौस विशीतली. नदी इतकी गोठली होती की घोडे आणि गाड्या वरून चालत गेल्या. थंडीनं माझं मुख तुरसुनच्या ओठांना चिकटायचं. वाटेतल्या ओत्रार गावी पोचल्यावर अमीर आजारी पडले आणि तिथंच गेले. बातमी फुटू नये म्हणून आम्हा कर्ण्यांना मेंढीच्या कातड्यात गुंडाळून ठेवलं. ज्यांच्या नावानं मी आयुष्यभर ओरडलो, त्यांच्यासाठी एक सूरही काढता आला नाही. मला रडू आलं. आणि खरं सांगतो, आता लढाई नाही म्हणून हायसंही वाटलं.

तुरसुन परतला. पायाची दोन बोटं बर्फात गेली होती, बाकी सगळा शाबूत. उस्तादांनी कुरकुरत शब्द पाळला आणि जर्दाळू पिकल्यावर लग्न ठरलं.

आता खरी गंमत ऐका. कुतलुगबीबी मोठी हौशी. "माझा एकुलता एक मुलगा. वरातीपुढं कर्णा वाजलाच पाहिजे. अमीरांच्या नातवांच्या लग्नात कर्णे वाजले, मग माझ्या तुरसुनच्या का नको?"

"आई, ती दमास्कसची माणसं आहेत..."

"म्हणूनच! परक्या मुलखात आलेल्या सोयऱ्यांना मान नको द्यायला?"

आईपुढं कुणाचं चाललंय? माझ्या उचकीची मेख दुसऱ्या कुणाला साधत नव्हती, म्हणून नवरदेवच घोड्यावर बसून आपल्या वरातीपुढं मला फुंकू लागला. माझी छाती फुगली होती. जन्मात पहिल्यांदा मी लग्नाला निघालो होतो.

त्या दिवसांत अमीरांच्या नातवंडांत गादीवरून जुंपली होती. कुठली फौज कधी येईल याचा नेम नव्हता. आम्ही टेकडी उतरलो, मी जीव खाऊन ओरडलो, आणि गावात शिरलो तर काय? चिटपाखरू नाही. दारं सताड उघडी. अंगणात मटण-भाताचा हंडा रटरटतोय, वाटेत कुणाची एक चप्पल पडलेली, आणि एक शेळी निवांतपणे पाहुण्यांच्या रोट्या खातेय.

कुतलुगबीबीचा चेहरा पडला. मग संतापानं लाल झाला. "आम्हाला बघून पळाले? एवढा वाईट आहे माझा मुलगा? द्यायची नव्हती मुलगी तर तसं सांगायचं! वळवा घोडे!"

"आई, थांब. ते आपल्याला नाही घाबरले, याला घाबरले," तुरसुन माझ्यावर हात ठेवत म्हणाला.

"मग आता काय, मिरवणुकीनं हुडकत फिरू? वळवा म्हणते ना!"

पुढचे घोडे वळलेसुद्धा. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या तोंडानं त्या मुलीचं लग्न मोडत होतं. तुरसुननं डोळे मिटले आणि मला पुन्हा ओठांना लावलं. त्याला हळुवार वाजवायचं होतं, पण माझ्याकडे हळुवार काही नाहीच. भोंऽऽऽ झालं. आणि शेवटी उचकी.

टरबुजं ठेवायच्या तळघराचं झाकण हललं. आधी हातोडी वर आली, मागोमाग उस्तादांचं डोकं. "हा तर माझाच पोचा!"

त्यांनी घोड्यावरचा फेटेवाला नवरदेव पाहिला, हातातली हातोडी पाहिली, आणि जे हसत सुटले ते थांबेनात. "अरे शहाण्या, लग्नाला आलास की वेढा घालायला? बाहेर या रे सगळे! फौज नाही, जावई आहे!"

भुसाऱ्यातून, पाटातून, तळघरातून सगळं गाव बाहेर आलं. रुमानाच्या डोक्याला कोळिष्टकं लागली होती. कुतलुगबीबीनं आपल्या पदरानं ती पुसली. "माझं चुकलं गं बाई. मान द्यायला गेले आणि तुला भुयारात बसवलं."

"विहीणबाई, हंडा करपायच्या आत बसून घ्या, नाहीतर चूक माझी व्हायची," उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी मला मागून घेतलं. पोच्यावरून अंगठा फिरवला, गाल फुगवून फुंकर घातली. आम्हा दोघांचा मिळून म्हातारी म्हैस हंबरल्यासारखा आवाज निघाला. पोरं लोळून लोळून हसली. उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हसण्याचं की कशाचं ते मला नाही सांगता येणार. मला तुरसुनच्या हातात परत देताना ते म्हणाले, "गावातल्या प्रत्येक लग्नात वाजव. माझ्या माणसांना सवय होऊ दे."

आणि सवय झाली. पहिल्या लग्नात पोरं आयांच्या मागं लपली. पुढं दारातून डोकावू लागली. उस्तादांना नातू झाला तेव्हा तर निम्मं गाव मला आणायला वेशीपर्यंत आलं. त्या दिवशी जर्दाळू खाताना उस्ताद म्हणाले, "बरे आहेत." एवढंच. पण मी ऐकलं.

अमीरांचं राज्य गेलं. त्यांची भव्य मशीद खचली आणि पुन्हा उभी राहिली. आज शहरात त्यांचा बसलेला पुतळा आहे. नवी जोडपी फोटो काढायला त्याच्या पायाशी येतात आणि त्यांच्यापुढं मी वाजतो. मला तीन ठिकाणी डाग देऊन सांधलंय, मुखाची जोड नवी आहे. मध्यंतरी एक कारागीर म्हणाला, "हा पोचा यंत्रानं क्षणात काढून देतो." माझा आताचा धनी खुदोयार तिथून मला घेऊन तडक निघून आला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू सांभाळा. पुसा, घासा, वापरा. पण त्यांचा पोचा काढण्याआधी तो कसा पडला ते एकदा विचारा.

माझा आवाज ऐकून लोकांनी पळत सुटावं म्हणून मला बनवलं होतं. पोरं अजूनही पळतात. फक्त आता माझ्याकडे.