मालनच्या वाडीतलं कोहळं

शकुनबाईच्या पोटात दुखत होतं आणि त्या दुखण्यावर ओवा चालणार नव्हता. दुखण्याचं मूळ होतं गावच्या तलावात, शेजारच्या मालनच्या वाडीत, पाल्याखाली लपलेलं. कोहळं! कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा. आता भोपळ्यावरून बाईमाणसाची झोप उडावी का? उडू नये. पण उडाली होती.

सानगडीच्या बाजारवाटेला लागून हा तलाव. धान कापून झालं आणि पाणी मागे सरलं, की उघड्या पडलेल्या गाळावर पंचायत वाड्या पाडून द्यायची. चावडीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या नावाने जी पट्टी निघेल ती पावसाळ्यापर्यंत त्याची. वांगी लावा, भेदरं म्हणजे टमाटे लावा, सांभार म्हणजे कोथिंबीर पेरा. गाळ मोठा कसदार, पण कसदार जागेत चोरही चांगलेच पिकतात. त्या साली तर कहरच झाला. काट्यांची कुंपणं मोडून कुणी वांगी तोडून नेली, तेही एक वेळ समजू. पोट आहे, नेली. पण नेण्यासारखं काही नसलं की रोपंच उपटून फेकायची, ही कुठली रीत?

शेवटी गावाने ठरवलं, दिवसा बायांनी पाळीपाळीने राखण करायची आणि रात्री बाप्यांनी. शकुनबाईचा नवरा इश्वर सरळ माणूस, त्याच्याकडे रात्रीच्या राखणीची मुखत्यारी आली. त्याने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माळा बांधला, टेंभे केले, कुत्रं नेऊन बांधलं. मालनच्या घरी बाप्या नव्हता, तिचा नवरा मरून गेलेला. तेव्हा तिच्या वाट्याच्या रात्री इश्वरने आपल्या अंगावर घेतल्या. बदल्यात मालन शकुनबाईच्या वाडीलाही पाणी घालायची. शेजारधर्म म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. शकुनबाईनेही डोलावली, पण तिची मान तेव्हापासूनच जरा आखडली होती.

त्यात कोहळ्याचं बी शकुनबाईच्या मायचं, दिघोरीचं. दिघोरीच्या परसात माय ते कोहळं लावायची. हळदीसारखा गर, आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचे गोड बोंड तळले की गल्लीभर वास जायचा. माय गेल्या दिवाळीनंतर वारली. भावजयीने परसात गुरं बांधली. मायच्या मडक्यात राहिलेलं मूठभर बी तेवढं शकुनबाईने पदरात बांधून आणलं आणि मोठ्या मनाने त्यातलं अर्धं मालनला दिलं, उरलेलं सगळं आपल्या वाडीत लावलं. देताना मन मोठं होतं, हे खरं. पुढे ते लहान झालं त्याला कारण घडलं.

झालं असं, की ऐन फुलावर आलेला शकुनबाईचा वेल एका सकाळी कुणीतरी मुळासकट उपटून टाकला. शेजारीच मालनचा वेल जसाच्या तसा. त्या रात्री राखणीला इश्वरच होता.

"माहाच वेल काहून उपटला? तिचा काहून नाही?" शकुनबाईने त्याला उंबऱ्यातच धरलं. "तुमी तिच्या वाडीकडे तोंड करून बसले असान रातभर!"

"तलाव का एवढासा आहे व? एका कोपऱ्यात गेलो त दुसऱ्या कोपऱ्यात घुसते चोर. मी काय करू?"

"चोराले बी बरं समजते, रखवालदार कोनाचा आहे ते!"

इश्वर गप्प बसला. त्याचा तो स्वभावच होता. पण संशयी बाईपुढे गप्प बसण्यासारखी दुसरी चूक नाही.

आणि हे एवढ्याने भागत नव्हतं. कोहळ्याची एक रीत आहे. अख्ख्या कोहळ्याला बाईने पहिला घाव घालायचा नाही. कोहळं म्हणजे घरातला थोरला लेक. बाईने घाव घातला तर तो पोटच्या लेकाला लागतो म्हणतात. बाप्याने एकदा चिरून दिलं की मग खुशाल फोडी करा. मालनच्या घरी बाप्या कुठला? कोहळं भाजीजोगं झालं की ती हाक मारायची, "इश्वरदादा, जरासे येता का जी? कोहळं चिरून द्या लागते." आणि इश्वर विळा घेऊन निघायचा. शकुनबाई चुलीपुढे बसून लाकूड असं आत ढकलायची, की ठिणग्या आढ्याला जायच्या. आपल्या मायचं बी, आपला नवरा, आणि घाव घालायला तिच्या घरी! फोडी शेजारी म्हणून यायच्या तेव्हा त्या ती गाईला घालायची. गाय मात्र आनंदाने खायची, तिला कसला मत्सर.

उरलं एक कोहळं. सगळ्यांत मोठं. मालनने त्याला चुन्याची पाच बोटं ओढली. म्हणजे हे बियाण्याचं, याला कुणी हात लावू नये. गावातला चोरसुद्धा चुन्याच्या बोटांना मानायचा, बियाण्यावर हात टाकला तर घरात दाणा राहत नाही असं तोही ऐकून होता. इश्वर रोज सकाळी घरी येताना वाट वाकडी करून त्या कोहळ्यापाशी थांबायचा. वाकून बघायचा, बोटाने टकटक करायचा. मालन पाणी घालता घालता काहीतरी सांगायची आणि दोघंही हसायची. पाळीवरून शकुनबाईला हे सगळं दिसायचं. ऐकू मात्र काही यायचं नाही आणि न ऐकू आलेलं माणूस स्वतःच रचून घेतं. तिने पुष्कळ रचलं.

पुढे अखाजी जवळ आली असताना शकुनबाईची दिवसाची पाळी आली. भर दुपार, तलावात चिटपाखरू नाही. ती राखणीची काठी घेऊन मालनच्या वाडीत शिरली. आधी नुसतं बघायचं होतं, असं ती स्वतःला म्हणाली. मग पाला बाजूला केला. कोहळं हिरवटच होतं, देठ रसरशीत. तिने कमरेचा विळा काढला, देठ तोडला, कोहळं टोपल्यात घालून वर गवत रचलं आणि घरी नेऊन धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, खोल पुरलं. कुंपणच शेत खातं ते असं, आणि कुंपणाला त्या वेळी फार बरं वाटत होतं.

मालन त्या दिवशी पहाटेच बाजाराला गेली होती. संध्याकाळी ती वाडीत आली आणि तिची बोंब ऐकून माणसं जमली. सरपंच केशवरावांनी विचारलं, "शकुनबाई, पाळी तुमची होती. कवा गेलं कोहळं?"

तिने याचा विचारच केला नव्हता. तोंडाला येईल ते ती बोलली, "मी सकाळी आली तवाच नव्हतं जी."

बोलून गेली आणि मग तिला समजलं, की चोरी रात्रीवर गेली. म्हणजे इश्वरवर. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून उभा होता. सकाळीच तर त्याने त्या कोहळ्यावर टकटक केली होती. पण बायको चारचौघांत सांगते आहे म्हटल्यावर तो तिला खोटी कशी पाडणार? त्याने मान खाली घातली.

"रखवालदारच झोपा काढते, त वाड्या कायले राहातीन?" कुणीतरी मागून म्हणालं. दुसरा म्हणाला, "झोपते का खाते, काय सांगावं." लोक हसले. मुखत्यारी धनीरामकडे गेली. इश्वरने माळ्यावरून आपलं घोंगडं आणि टेंभा उचलला, कुत्रं सोडलं आणि घरी आला.

आता तो मालनच्या वाडीकडे फिरकणार नव्हता. शकुनबाईला हवं होतं तेच झालं होतं. पण तो जेवायला बसला की भात चिवडत राहायचा. पाराकडे जाईनासा झाला. एकदा स्वतःशीच म्हणाला, "झपकी बी नाही आली मले." तो तिला काही विचारील, मग आपण भांडू, मालनचं नाव घेऊन मनातलं सगळं ओकून टाकू, म्हणून ती वाट बघत होती. त्याने काहीच विचारलं नाही. ढोलीतून धान काढताना तिचा हात कोहळ्याला लागायचा आणि ती दचकायची.

अखाजी उजाडली. पितरांना पाणी म्हणून मायच्या नावाची पहिलीच घागर भरायची होती. इश्वर कुंभाराकडे घागर आणायला गेला. शकुनबाईने ठरवलं, आता कोहळ्याचा निकाल लावायचा. चिरून, शिजवून, सालं गाईला घालून, नावनिशाणी ठेवायची नाही. तिने दार लोटलं, कोहळं उपसून घरात मधोमध ठेवलं आणि विळा उचलला.

हात वरच राहिला. तिचा थोरला लेक भिलाईला कारखान्यात होता, तिथल्या भट्टीच्या गोष्टी सांगायचा. चोरी केली तेव्हा हात कापला नव्हता, नवऱ्यावर बालंट आणलं तेव्हा जीभ अडखळली नव्हती. पण अख्ख्या कोहळ्यावर घाव घालायला बाईचा हात होईना. ती विळा धरून तशीच बसली, कोहळ्यावरची चुन्याची बोटं बघत.

"वयनी, आहा का जी घरी?"

मालनने दार ढकललंसुद्धा. तिच्या हातात गुळाचा खडा आणि कणकेची वाटी होती. तिची नजर कोहळ्यावर गेली. आपली पाच बोटं कोण ओळखणार नाही?

मग मालनने वाटी खाली ठेवली.

"तुमच्या बोंडासाठी आनली होती कनिक," ती म्हणाली. "कोहळं त गेलं, म्हटलं घागरीवर गोड काही तरी ठेवा लागन. हे तुमचंच होतं, वयनी. तुमचा वेल उपटला तवाच इश्वरदादा म्हने, हे एक ठेव, शकुनच्या मायच्या घागरीले होईन अन् बी तिच्या वटीत घालू. तिले सांगू नोको म्हने, बिचारी तो वेल पाहून लय रडली. रोज येऊन विचारत, पिकन ना व अखाजीवरी?"

शकुनबाईला वाटलं, ढोलीत जाऊन धान डोक्यावर ओढून घ्यावं. इतके दिवस जे हसणं तिने पाळीवरून पाहिलं होतं, ते हे होतं.

तेवढ्यात इश्वर नवी घागर खांद्यावर घेऊन आत आला. त्याने कोहळं पाहिलं, मग उघडी ढोली पाहिली, मग बायकोकडे पाहिलं. शकुनबाईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मारा मले," ती म्हणाली. "चावडीत नेऊन मारा."

त्याने घागर जपून टेकवली. "सरक बाजूले," एवढंच म्हणाला आणि तिच्या हातातून विळा घेऊन त्याने घाव घातला.

गर पांढुरका निघाला. पण इश्वरने गर पाहिलाच नाही, बोटांनी आतलं बी ओढून काढलं आणि मालनपुढे धरलं. मालनने एक दाणा चिमटीत दाबला. तो कागदासारखा चपटला.

"भरलंच नाही जी," ती हळूच म्हणाली. "आनखी वेलावर राहू द्या लागत होतं."

त्या दिवशी बोंड झाले, घागर भरली, मायचं नाव घेतलं. संध्याकाळी इश्वर एकटाच उठून केशवरावांकडे निघाला, तेव्हा शकुनबाई न सांगता त्याच्या मागे गेली आणि त्याच्याआधी ओट्यावर चढून सगळं आपल्या तोंडाने बोलली. लोक काय म्हणायचं ते म्हणाले. धनीरामने मुखत्यारी इश्वरला परत दिली.

बी तिने तरीही धुतलं, राखेत घोळलं, अंगणात वाळू घातलं. एखादा दाणा तरी भरलेला असेल, एकच पुरे होता. वाळल्यावर तिने ते सुपात घेतलं. मालन आपल्या दारातून बघत होती. शकुनबाईने सूप पाखडलं. भरलेला दाणा सुपात राहतो आणि पोचट उडतो, हे तिला मायनेच शिकवलं होतं. तिने पुन्हा पाखडलं. दिघोरीचं सगळं बी अंगणभर उडालं आणि सूप रिकामं झालं.