माणशी एक तास

मित्रांनो, मी डायलिसिसचं एक जुनं यंत्र आहे आणि खरं सांगू का, आता पार दमलोय. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत, त्यांचं रक्त एका नळीने घ्यायचं, गाळायचं आणि दुसऱ्या नळीने परत द्यायचं, चौदा वर्षं हेच. आलो तेव्हा रिबीन कापली, टाळ्या वाजल्या, माझं कौतुक विचारूच नका! आता माझ्या डोक्यावर चहाचे रिकामे कप ठेवतात.

शेजारचं यंत्र कायमचं बंद पडलं आणि सगळा भार माझ्यावर आला. एक दिवस तिघं, दुसऱ्या दिवशी दुसरे तिघं, माणशी चार तास. सोमवारच्या गटात शिंपीकाका, गणिताचे मास्तर आणि पोस्टातल्या बाई होत्या. एकदा तिथे बसकंडक्टर ताई आली. चेहरा सुजलेला, बोटाला दुसरीतली मुलगी.

“जागा नाही हो,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नाव यादीत घेते.”

जागा कधी होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला मूत्रपिंड मिळालं तर, नाहीतर कुणी गेलं तर. मूत्रपिंड मिळालेलं मी चौदा वर्षांत दोनदाच पाहिलं.

“कापड कमी पडलं म्हणून आम्ही गिऱ्हाईक परत पाठवतो का?” शिंपीकाका म्हणाले. “तिघांनी एकेक तास सोडा. झाले तिचे तीन!”

“काका, रक्त म्हणजे कापड नव्हे,” मास्तर उसळले. “एकीला जगवायला तिघांनी थोडं थोडं मरायचं?”

“मास्तरांचं चुकत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “दोन महिने बघू. पण अंगात पाणी साठून कुणाचंही वजन वाढलं, की हे बंद.”

पोस्टातल्या बाई लगेच तयार झाल्या. मास्तरांनी त्या मुलीकडे पाहिलं आणि कुरकुरत मान डोलावली.

आता एक गोष्ट सांगतो, ती फक्त मी पाहिली. काकांच्या जाकिटात लोखंडी कात्री, टेप, खडू असा सगळा संसार असायचा. इतकी वर्षं ते जाकिटासकट काट्यावर चढत. सवयीने सिस्टरही काही म्हणत नसे. आता मात्र ते हळूच जाकीट काढून माझ्यामागे ठेवू लागले. अंगात दोन किलो पाणी साठलं, तरी काटा जुनाच आकडा दाखवी. सिस्टर म्हणे, “वा काका, ठणठणीत!” नळीत हवा शिरली की मी ओरडतो, रक्तदाब घसरला की ओरडतो. माणूस खोटं वजन देतोय म्हणून ओरडायला मला कुणी शिकवलंच नाही.

सातव्या आठवड्यात काकांना धाप लागली आणि ते गेले. त्या एका तासाने गेले की वयाने, ते डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही.

पुढच्या पाळीला सिस्टरने ताईला काकांच्या वेळेला बोलावलं. आता पुन्हा माणशी चार तास. ताई दारातच थांबली. “मी नाही बसायची. ही जागा त्यांची आहे.”

“बसा, ताई,” मास्तर म्हणाले. “माझं बरोबर निघालं हो, पण मला ते बरोबर निघायला नको होतं. बसा तुम्ही.”

ती बसली. चार तास रडत होती. तिची सूज उतरली तसं मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मित्रांनो, मला पुसत जा, माझ्यावर कप ठेवू नका, असं सांगणार होतो. राहू दे ते. काल यादीत एक नवं नाव चढलं. ताईने ते वाचलं आणि सिस्टरला विचारलं, “माझ्यातला एक तास देता येईल का?”

तुम्ही आज जेवताना घरच्या मोठ्यांना विचारा, आपण गेल्यावर आपली मूत्रपिंडं कुणाला द्यायची का? “काय अभद्र बोलतोस!” म्हणून ते रागावतील. रागावू द्या. तुम्ही घरी विचारलंत, तर ताईला इथे विचारावं लागणार नाही.